ग्राफिक्स कार्ड टीव्हीला जोडताना : चित्र न येण्यापासून आवाज न येण्यापर्यंतची तपासणी

पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांमधून निघालेला वापरलेला संगणक, त्यात मागाहून बसवलेले ग्राफिक्स कार्ड आणि पुढच्या खोलीत भिंतीवर आधीपासून टांगलेला ३२ किंवा ४३ इंची टीव्ही, अशी जोडणी जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आता ओळखीची झाली आहे. वेगळ्या मॉनिटरचा खर्च वाचतो, स्पर्धा परीक्षेची व्याख्याने घरातल्या सगळ्यांना दिसतील एवढी मोठी होतात आणि मुलांना गेमही खेळता येतात. मात्र केबल लावली म्हणजे चित्र येईलच याची खात्री नसते, आणि ते आले नाही की बहुतेक जण आधी नवी केबल, मग नवे कार्ड, मग नवा एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा भाग, अशा क्रमाने पैसे घालत जातात. प्रत्यक्षात यातले बरेचसे बिघाड काहीही विकत न घेता सापडतात. ठिबकच्या नळीत पाणी कुठपर्यंत पोहोचले हे जसे विहिरीकडून पाहत येतात, तसे चित्र कार्डापासून पडद्यापर्यंत कुठवर आले आहे, एवढेच ठरवायचे असते.

आधी टीव्हीवरचा संदेश वाचावा

टीव्ही काय दाखवतो यावरून तपासणीची दिशा ठरते, म्हणून कोणतीही वायर हलवण्यापूर्वी पडद्याकडे नीट पाहावे. "नो सिग्नल" असा संदेश असेल, तर टीव्हीपर्यंत काहीच पोहोचलेले नाही. दोष पोर्ट, केबल, कार्ड किंवा टीव्हीवर निवडलेल्या इनपुटमध्ये शोधावा. "मोड नॉट सपोर्टेड", "इनव्हॅलिड फॉरमॅट" किंवा "अनसपोर्टेड सिग्नल" असे काही आले, तर उलट आनंद मानावा, कारण कार्ड चालू आहे, केबल चालू आहे, फक्त संगणक टीव्हीला न झेपणारे चित्र पाठवत आहे. संदेश कोणताच नसून पडदा नुसता काळा असेल, तर संकेत पोहोचला असण्याची शक्यता मोठी आहे आणि संगणकाने आपले काम दुसऱ्याच पडद्यावर चालवलेले असू शकते. आणि चित्र दिसते आहे पण कडा कापलेल्या, अक्षरे पुसट किंवा रंग फिके आहेत, असे असेल तर संगणकाला हात लावण्याआधी टीव्हीच्या रिमोटकडे वळावे.

या चार स्थितींमध्ये गल्लत झाली की माणूस तासन्‌तास चुकीच्या टोकाला काम करत बसतो. "मोड नॉट सपोर्टेड" म्हणणाऱ्या टीव्हीसाठी नवी केबल आणणे हे त्याचे नेहमी दिसणारे उदाहरण आहे.

केबल लावण्यापूर्वी अर्थिंग

हा भाग इतर मार्गदर्शनांत एका ओळीत उरकला जातो, पण खानदेशात तो विस्ताराने सांगणे भाग आहे. संगणकाच्या एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळण्यासाठी काही कपॅसिटर बसवलेले असतात आणि ते फेज व न्यूट्रल या दोन्हींना धातूच्या डब्याशी, म्हणजे अर्थशी, जोडतात. घरातली अर्थिंग चांगली असेल तर त्यातून झिरपणारा अत्यल्प प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग नसेल, तुटलेली असेल किंवा तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कापून तो दोन पिनांच्या सॉकेटमध्ये घातलेला असेल, तर डबा २३० व्होल्टच्या जवळपास निम्म्या दाबावर तरंगत राहतो. उघड्या पायांनी फरशीवर उभे राहून सीपीयूच्या डब्याला हात लावल्यावर ज्या मुंग्या येतात, त्या याच दाबाच्या असतात. तिकडे टीव्ही बहुधा दोन पिनांच्या प्लगवर चालतो आणि त्याला डिशची किंवा केबलवाल्याची तार जोडलेली असते, जी गच्चीवरच्या लोखंडी पाइपमार्फत स्वतःच जमिनीशी जोडली गेलेली असू शकते. अशा दोन उपकरणांमध्ये एचडीएमआय केबल घातली की दाबातला फरक त्या केबलमधूनच वाट काढतो. प्लग घालताना बारीक ठिणगी दिसते आणि कधी टीव्हीचे पोर्ट, तर कधी कार्डाचे पोर्ट कायमचे जाते.

तापी आणि गिरणेच्या खोऱ्यातल्या काळ्या जमिनीचा इथे थेट संबंध आहे. ही जमीन पावसाळ्यात ओल धरते, पण एप्रिल-मेमध्ये तिला हातभर भेगा पडतात. मग अर्थिंगच्या खड्ड्यातली पट्टी आणि माती यांच्यातला संपर्क सुटत जातो आणि पावसाळ्यात नीट असलेली अर्थिंग उन्हाळ्यात नावापुरती उरते. म्हणून खड्ड्यात उन्हाळाभर अधूनमधून पाणी सोडावे आणि अर्थ वायरचा नटबोल्ट गंजलेला नाही ना, ते वायरमनकडून वर्षातून एकदा पाहून घ्यावे. सॉकेटमधल्या अर्थची चाचणीही त्याच्याकडूनच करवून घ्यावी. ती स्वतः करण्याची गोष्ट नव्हे.

अर्थिंगची खात्री होईपर्यंत केबल लावण्याची पद्धत अशी ठेवावी. टीव्ही आणि संगणक दोन्हींचे प्लग सॉकेटमधून काढावेत, कारण भिंतीवरचा खटका कधी कधी फेजऐवजी न्यूट्रल तोडतो. टीव्हीच्या मागची डिशची तार सोडावी. मग एचडीएमआय केबल दोन्ही टोकांना घट्ट बसवावी, दोन्ही प्लग शक्यतो एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावावेत आणि सर्वांत शेवटी डिशची तार जोडावी. मे-जूनमध्ये वळवाच्या पावसाआधी विजा कडाडू लागल्या, की हीच तार सर्वांत आधी सोडावी.

केबल नेमकी कुठे लावली आहे

"नो सिग्नल"चे सर्वांत साधे आणि नवख्यांच्या बाबतीत सर्वांत जास्त वेळा सापडणारे कारण म्हणजे केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डच्या, म्हणजे संगणकाच्या मुख्य पट्टीच्या, पोर्टला लागलेली असणे. उभ्या ठेवलेल्या सीपीयूच्या मागे पाहिले, तर वरच्या भागात माउस, यूएसबी, नेटवर्क आणि आवाजाच्या गोल खाचा एकत्र दिसतात; त्यांच्या जवळचे एचडीएमआय पोर्ट मदरबोर्डचे असते. त्याच्या खाली, पट्ट्यांच्या ओळीत आडवी बसलेली पोर्टे कार्डाची असतात. केबल तिथेच लावावी. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या क्रमांकाच्या शेवटी "एफ" असते, त्यांच्यात चित्र काढणारा भागच चालू नसतो, त्यामुळे अशा यंत्रात मदरबोर्डचे पोर्ट केवळ शोभेचे असते. एएमडीच्या ७००० मालिकेपूर्वीच्या, क्रमांकाच्या शेवटी "जी" नसलेल्या बहुतेक डेस्कटॉप रायझन प्रोसेसरांचेही तेच. ज्यांच्यात तो भाग आहे, त्यांतही कार्ड बसवल्यावर बरेच मदरबोर्ड आपले पोर्ट आपोआप बंद करतात.

त्यानंतर टीव्हीच्या रिमोटवरचे सोर्स किंवा इनपुट बटण दाबून केबल ज्या पोर्टला लावली आहे तोच क्रमांक निवडावा. भिंतीला चिकटवलेल्या टीव्हीच्या मागे हात घालून केबल लावली असेल, तर ती एचडीएमआय १ मध्ये गेली की २ मध्ये हे अंदाजाने ठरवू नये. मोबाइलचा कॅमेरा मागे सरकवून फोटो काढावा. त्याच फोटोत प्लग तिरका बसला आहे का, हेही दिसते. भिंत आणि टीव्ही यांच्यामध्ये जागा कमी असल्याने केबल एकदम काटकोनात वाकते आणि काही आठवड्यांत प्लग पोर्टमधून अर्धा बाहेर येतो. अशा ठिकाणी काटकोनी जोडपिन वापरणे चांगले.

इतके करूनही काही आले नाही, तर चालू करण्याचा क्रम बदलून पाहावा. एचडीएमआयच्या १९ पिनांपैकी एका पिनेवरून कार्ड टीव्हीला ५ व्होल्टचा दाब देते, दुसऱ्या एका पिनेवरून टीव्ही आपण जोडलेले असल्याचे कळवतो आणि आणखी दोन पिनांवरून कार्ड टीव्हीची ओळखपत्रिका वाचते. या पत्रिकेला ईडीआयडी म्हणतात आणि टीव्ही कोणकोणत्या आकाराचे चित्र व कोणता आवाज घेऊ शकतो, हे तिच्यात लिहिलेले असते. संगणक सुरू होण्याच्या क्षणी ही देवाणघेवाण झाली नाही, तर काही कार्डे त्या पोर्टाकडे नंतर पाहतच नाहीत. लाईट जाऊन आल्यावर हे हमखास घडते, कारण संगणक आणि टीव्ही एकाच वेळी उठतात आणि आजचे स्मार्ट टीव्ही उठायला संगणकाहून जास्त वेळ घेतात. म्हणून आधी टीव्ही चालू करावा, त्याचे मुखपृष्ठ पूर्ण आल्यावर योग्य इनपुट निवडावा आणि मगच संगणकाचे बटण दाबावे. तरीही पडदा कोराच राहिला, तर दोन्हींचे प्लग काढून पाच मिनिटे थांबावे आणि हाच क्रम पुन्हा करावा. नुसते रिमोटने बंद केलेला टीव्ही खऱ्या अर्थाने बंद झालेला नसतो.

संगणक सुरू झाला आहे, विंडोजचा आवाज येतो आहे, पण पडदा काळा आहे, अशा वेळी कळफलकावर विंडोज आणि पी या कळा एकत्र दाबाव्यात, बाणाने एक घर खाली जावे आणि एंटर दाबावे. पडदा आला नाही तर हेच पुन्हा करावे. यामुळे चित्र एकाच पडद्यावर ठेवायचे की दोन्हींवर, हा पर्याय बदलतो. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबल्यास ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर, नव्याने सुरू होतो आणि बऱ्याचदा हरवलेले चित्र तेवढ्यावर परत येते.

कार्डाचा पंखा फिरतो म्हणजे कार्ड चालू आहे, असे मात्र समजू नये. मदरबोर्डच्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून अधिक लागणाऱ्या कार्डांना एसएमपीएसमधून ६ पिनांची, म्हणजे आणखी ७५ वॅटची, किंवा ८ पिनांची, म्हणजे १५० वॅटची वेगळी वायर द्यावी लागते. ती वायर लावायची राहिली तरी पंखा फिरू शकतो, पण चित्र येत नाही. कचेरीतून निघालेल्या संगणकांचा एसएमपीएस मुळात लहान असतो आणि त्यात ही वायर पुष्कळदा नसतेच. बाजारात दोन जुन्या प्लगांपासून ८ पिना बनवून देणारे जोड मिळतात, पण २०० ते २५० वॅटच्या एसएमपीएसवर असा जोड लावणे म्हणजे कार्डाबरोबर सगळे यंत्र पणाला लावणे होय.

संकेत येतो, पण टीव्हीला झेपत नाही

अशा वेळी संगणकाकडे दुसऱ्या वाटेने पोहोचावे लागते. शेजाऱ्याचा किंवा जवळच्या क्लासमधला जुना मॉनिटर तासाभरासाठी मिळाला, तर सगळ्यांत सोपे. तो नसेल, तर विंडोज सुरू होत असतानाच बटण दाबून बंद करण्याची क्रिया लागोपाठ काही वेळा केल्यास दुरुस्तीचा निळा पडदा येतो, आणि तो साध्या आकारात असल्याने टीव्हीवर बहुधा दिसतो. त्यात ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज या वाटेने जाऊन यंत्र पुन्हा सुरू करावे आणि तिसऱ्या क्रमांकाचा कमी रिझोल्यूशनचा पर्याय निवडावा. चित्र आल्यावर सेटिंग्जमधील सिस्टीम आणि त्यातील डिस्प्ले उघडून आकार १९२० बाय १०८० आणि ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये गती ६० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ६० चित्रे, ठेवावी. विंडोज बदल स्वीकारण्यासाठी १५ सेकंद देते आणि उत्तर मिळाले नाही तर स्वतःच मागे जाते, म्हणून पडदा काळा झाला तरी घाबरून कळा दाबू नयेत.

यादीत "इंटरलेस्ड" असा शब्द किंवा १०८० च्या पुढे आय हे अक्षर दिसले, तर तो पर्याय टाळावा, कारण त्यात चित्राच्या एक सोडून एक रेघा आळीपाळीने येतात आणि बारीक अक्षरे थरथरतात. गेमसाठी वापरली जाणारी १४४ हर्ट्झसारखी गतीही निवडू नये; साध्या टीव्हीला ती झेपत नाही.

आपल्याकडच्या घरांतले ३२ इंची "एचडी रेडी" टीव्ही हा वेगळा विषय आहे. त्यांचा पडदा बहुतेक वेळा १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचा असतो, पण ते १०८० चे चित्रही स्वीकारतात आणि आतल्या आत लहान करून दाखवतात. सिनेमाला याने फरक पडत नाही. मात्र एक्सेलचा तक्ता किंवा शासकीय अर्जाची पीडीएफ वाचणे कठीण होते. यादीत १३६६ बाय ७६८ किंवा १३६० बाय ७६८ हा पर्याय मिळाला, तर तो निवडावा. १३६६ या संख्येला ८ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून काही कार्डे १३६० देतात आणि बाजूला अगदी बारीक काळी पट्टी राहते, ती दोष समजू नये. दोन्ही नसतील तर १२८० बाय ७२० वर समाधान मानावे. अशा टीव्हीवर याहून चांगली अक्षरे मिळणार नाहीत.

४के टीव्ही घेतलेल्यांची तक्रार वेगळी असते, ती म्हणजे चित्र स्वच्छ आहे पण माउस ओढत ओढत चालतो. त्याचे कारण बहुतेक वेळा ६० ऐवजी ३० हर्ट्झ हे असते. एचडीएमआयची १.४ ही आवृत्ती २००९ मध्ये आली आणि ती ४के चित्र ३० हर्ट्झपर्यंतच पूर्ण रंगांत नेते. ६० हर्ट्झसाठी २०१३ मध्ये आलेली २.० आवृत्ती लागते, जिची क्षमता सेकंदाला १८ गिगाबिट आहे. ही आवृत्ती कार्ड, केबल आणि टीव्हीचे तेच पोर्ट या तिघांतही असावी लागते. जीटी ७१०, जीटी ७३० किंवा जीटीएक्स ७५० टीआय ही जुन्या बाजारातली लोकप्रिय कार्डे १.४ आवृत्तीची आहेत. एनव्हिडियामध्ये जीटीएक्स ९०० मालिकेपासून आणि एएमडीमध्ये आरएक्स ४०० मालिकेपासून २.० मिळते. कार्ड योग्य असूनही ३० च दिसत असेल, तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या पोर्टाची पूर्ण क्षमता चालू करावी लागते. सॅमसंगमध्ये तिला इनपुट सिग्नल प्लस, एलजीमध्ये एचडीएमआय अल्ट्रा एचडी डीप कलर आणि सोनीमध्ये एचडीएमआय सिग्नल फॉरमॅटमधील एन्हान्स्ड असे म्हटलेले आढळते.

जुन्या कार्डांच्या ड्रायव्हरबाबत एक इशारा इथेच देतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या नावाऐवजी "मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॉप्टर" दिसत असेल, तर ड्रायव्हर बसलेला नाही आणि आकारांची यादी तोकडी येणारच. पण आणताना सर्वांत नवा ड्रायव्हर आणू नये. कार्डाचे नाव निवडून कंपनीच्या संकेतस्थळावरून त्याचाच ड्रायव्हर घ्यावा. एनव्हिडियाने केप्लर घराण्यातील कार्डांना, म्हणजे जीटी ७१० सारख्यांना, २०२१ मध्ये आलेल्या ४९५ आणि पुढच्या ड्रायव्हरांतून वगळले आहे. त्यांना ४७० च्या शाखेतलाच लागतो.

कडा कापल्या जातात, अक्षरे पुसट दिसतात

टास्कबार अर्धवट दिसतो, स्टार्टचे बटण पडद्याबाहेर जाते, हा दोष संगणकाचा नाही. पिक्चर ट्यूबच्या काळात चित्राच्या कडा वेड्यावाकड्या येत, म्हणून टीव्ही चित्र थोडे फुगवून कडा चौकटीबाहेर ढकलत असत. तीच सवय, जिला ओव्हरस्कॅन म्हणतात, पातळ पडद्यांमध्येही टिकून आहे. उपाय टीव्हीतच करावा. चित्राच्या आकाराच्या पर्यायांत सॅमसंगमध्ये स्क्रीन फिट किंवा फिट टु स्क्रीन, एलजीमध्ये जस्ट स्कॅन आणि सोनीमध्ये फुल पिक्सेल असे नाव शोधावे. स्वस्त टीव्हीत ते "डॉट बाय डॉट" या नावाने सापडू शकते. अजिबातच नसेल तर शेवटचा उपाय म्हणून एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमधील डेस्कटॉपचा आकार व स्थान बदलण्याचा भाग किंवा एएमडीच्या सॉफ्टवेअरमधील एचडीएमआय स्केलिंगची पट्टी वापरावी. या उपायाने कडा आत येतात, पण चित्र दोनदा ताणले गेल्याने अक्षरांची धार जाते, म्हणून तो आधी करू नये. चारी बाजूंना काळी चौकट दिसत असेल, तर हीच एएमडीची पट्टी आधीपासून सरकलेली असते. ती शून्यावर आणावी.

लाल किंवा निळी अक्षरे काळ्या पार्श्वभूमीवर विरघळल्यासारखी दिसत असतील, तर टीव्ही रंगांची माहिती कमी करून दाखवत आहे. सिनेमात हे कळत नाही, अक्षरांत लगेच कळते. सॅमसंग आणि एलजीच्या अनेक टीव्हींवर इनपुटचे नाव बदलून "पीसी" ठेवले की हा प्रकार थांबतो. त्यासाठी नुसते नाव बदलणे हास्यास्पद वाटले तरी करून पाहावे. शार्पनेस अगदी खाली आणावा, कारण तो वाढवल्यावर अक्षरांभोवती पांढरी कड उमटते. गेम मोड चालू केल्यास टीव्ही चित्रावर करत असलेली इतर प्रक्रिया सोडून देतो आणि माउसचा रेंगाळपणा कमी होतो.

काळा रंग राखाडी दिसणे किंवा अंधारातले सगळे तपशील गडप होणे, हा आकड्यांच्या मोजपट्टीचा घोळ आहे. संगणक काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा रंग ० ते २५५ असा मोजतो आणि टीव्हीची परंपरा १६ ते २३५ अशी आहे. एका टोकाला फुल आणि दुसऱ्याला लिमिटेड असले की चित्र बिघडते. कार्डाच्या सेटिंगमध्ये फुल ठेवावे आणि टीव्हीतील एचडीएमआय ब्लॅक लेव्हल त्याला जुळवावी; टीव्हीत तो पर्याय नसेल, तर कार्डातच लिमिटेड ठेवले तरी चालते.

चित्र आहे, आवाज नाही

टास्कबारवरील स्पीकरच्या चिन्हातून आवाजाच्या साधनांची यादी उघडावी आणि टीव्हीचे नाव निवडावे. ते नाव एनव्हिडिया किंवा एएमडी हाय डेफिनिशन ऑडिओ या शब्दांसोबत दिसते. यादीत नाव नसेल, तर कार्डाच्या ड्रायव्हरसोबत येणारा आवाजाचा ड्रायव्हर बसलेला नाही. डीव्हीआय या जुन्या, रुंद पोर्टाला जोड लावून एचडीएमआय केबल घेतली असेल, तर आवाज येईलच असे नाही. कार्डावर खरे एचडीएमआय पोर्ट असताना डीव्हीआय वापरू नये. २००७-०८ च्या सुमाराची काही एनव्हिडिया कार्डे आवाज स्वतः तयार करत नसत, तो मदरबोर्डवरून दोन तारांच्या छोट्या केबलने आणावा लागे. असे कार्ड पदरी पडले असेल, तर आवाज हिरव्या गोल खाचेतून वेगळ्या स्पीकरला देणे हेच सोयीचे.

चित्र मधूनच जाते, ठिपके चमकतात

केबल आणि कार्ड यांपैकी दोषी कोण, हे ठरवण्याची एक सोपी युक्ती आहे. ठिपके किंवा रेघा दिसत असताना संगणकावर स्क्रीनशॉट काढावा आणि तो मोबाइलवर पाठवून पाहावा. मोबाइलवरच्या चित्रातही ठिपके असतील तर बिघाड बहुधा कार्डाच्या मेमरीत आहे. तिथे चित्र स्वच्छ असेल, तर कार्डातून चित्र तयार होईपर्यंत सर्व ठीक असून दोष पोर्ट, केबल किंवा टीव्ही या पुढच्या वाटेत आहे. केबल हलवल्यावर ठिपके कमी-जास्त होत असतील किंवा आकार १०८० वरून ७२० वर आणल्यावर नाहीसे होत असतील, तर केबल बदलावी.

केबलची लांबी घरातल्या सोयीने ठरते, कारण संगणक एका कोपऱ्यात आणि टीव्ही समोरच्या भिंतीवर असतो. १०८० च्या चित्राला चांगल्या तांब्याची १० मीटरपर्यंतची केबल सहसा पुरते. ४के ६० हर्ट्झसाठी मात्र साधी केबल ३ मीटरच्या आत ठेवावी, आणि त्याहून लांब न्यायची असल्यास काचेच्या धाग्याची ऑप्टिकल एचडीएमआय केबल घ्यावी. तिची एक बाजू संगणकाकडे आणि दुसरी टीव्हीकडेच लावावी लागते. उलटी लावल्यास "नो सिग्नल" येतो. डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआयला जाणाऱ्या केबलही एकाच दिशेने चालतात. जुन्या व्हीजीए पोर्टावरून टीव्हीवर यायचे असल्यास साधी वायर उपयोगी पडत नाही, वेगळी वीज घेणारा कन्व्हर्टर लागतो. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर खरेदी करताना खोक्यावरील "४के" या शब्दापेक्षा "प्रीमियम हाय स्पीड" किंवा "अल्ट्रा हाय स्पीड" हा शिक्का पाहावा.

चित्र सकाळी नीट आणि दुपारी जाऊ-येऊ लागत असेल, तर उष्णतेचा संशय घ्यावा. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पत्र्याच्या खोलीत तर डब्यातली हवाच तापलेली असते आणि कार्डाला थंड व्हायला वाव राहत नाही. विंडोजच्या टास्क मॅनेजरमधील परफॉर्मन्स या भागात कार्डाचे तापमान दिसते. गेम खेळताना ते ८० ते ८५ अंशांवर रेंगाळत असेल, तर डबा उघडून पंखा आणि जाळी साफ करावी. जिनिंगजवळच्या वस्त्यांत कापसाचे तंतू जाळीत नमद्यासारखे बसतात आणि ते फुंकरीने निघत नाहीत, मऊ ब्रशने ओढून काढावे लागतात. साफ करताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. खोलीत वाळ्याचा कूलर असेल, तर संगणक त्याच्या थेट झोतात ठेवू नये, कारण बोअरच्या पाण्यातले क्षार ओल्या हवेबरोबर येऊन पोर्टाच्या पिनांवर पांढरी पुटे धरतात आणि मग जोडणी अधूनमधून तुटू लागते.

चित्र फक्त इन्व्हर्टरवर असताना जात असेल, तर संगणकाला वेगळा यूपीएस द्यावा. वीज जाण्याच्या आणि इन्व्हर्टर सुरू होण्याच्या मधल्या क्षणात टीव्हीची जोडणी सुटते आणि काही कार्डे ती परत धरत नाहीत. फक्त ओटीटीचे चित्र काळे येते आणि बाकी सगळे दिसते, असे असेल तर मध्ये लावलेला स्प्लिटर किंवा स्वस्त कन्व्हर्टर काढून पाहावा, कारण कॉपीपासून संरक्षण देणारी एचडीसीपी ही पद्धत साखळीतल्या प्रत्येक उपकरणाने पाळावी लागते.

कार्ड दुकानात नेण्यापूर्वी

वरील सर्व करूनही "नो सिग्नल" कायम असेल, तर आधी तीच केबल आणि तोच टीव्ही एखाद्या लॅपटॉपला किंवा डिशच्या सेट-टॉप बॉक्सला जोडून पाहावा. तिथे चित्र आले म्हणजे टीव्ही आणि केबल सुटले. मग कार्ड काढून त्याच्या सोनेरी पट्ट्या साध्या खोडरबराने हलक्या हाताने पुसाव्यात आणि खाचेत चाप टक असा वाजेपर्यंत बसवून पाहावे. दुकानात नेताना संपूर्ण सीपीयूसोबत घरची केबलही न्यावी आणि टीव्हीच्या मागच्या चिकटपट्टीवरचा मॉडेल क्रमांक लिहून न्यावा. दुकानातला मॉनिटर व्हीजीएवर चालणारा असेल तर त्यावर चाचणी घेऊ देऊ नये. एचडीएमआयवरच चित्र दाखवायला सांगावे, कारण एकाच कार्डावरचे एक पोर्ट जळून दुसरे चालू राहू शकते. टीव्हीचेही तसेच आहे. त्याचे एक पोर्ट गेले असेल, तर मेनबोर्ड बदलण्याआधी उरलेल्या पोर्टांवर केबल लावून पाहावी, आणि आधी सांगितलेली अर्थिंग नीट झाल्याशिवाय त्या चालू पोर्टाला संगणक जोडू नये.